तसबीर हलते तेव्हा

हैदराबादेतील गवळीगुड्याच्या आमच्या वडिलोपार्जित घरात आजोबांची एक तसबीर होती. घर गेले, त्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, आणि तसबीर आमच्याबरोबर बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये आली. तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर ‘सन १३४५ फसली’ एवढेच लिहिलेले आहे; म्हणजे इंग्रजी हिशेबाने १९३५-३६ साल. आजोबा कोरीव खुर्चीत बसले आहेत. घरात लहानथोर सर्वच त्यांना अण्णा म्हणत. अंगात शेरवानी, डोक्यावर पगडी, खांद्यावरून उतरून डाव्या बाजूने मांडीपर्यंत आलेली शाल आणि उजव्या हातात झाकणाचे साखळीचे घड्याळ. पाठीमागे स्टुडिओचा रंगविलेला पडदा. त्यावर संगमरवरी खांब, तळे आणि तळ्याकाठची दोन झाडे. निजामी अमदानीतील वकिलाचे असावे तसेच हे छायाचित्र आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या भिंतीवर त्याची भावंडे असतील.

गेल्या चैत्रात आमच्या धाकट्या पुतण्याने मोबाइलवर ह्या तसबिरीचा फोटो घेतला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका सुविधेकडे सोपविला. ‘ह्यांना जिवंत कर’ एवढीच आज्ञा त्याने लिहिली होती. दोन-तीन मिनिटांत पाच सेकंदांची चित्रफीत तयार होऊन आली. तळ्यावर लहरी उठल्या, झाडे डोलू लागली, अण्णांनी मान किंचित कलती करून स्मित केले आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. हातातले घड्याळ मध्येच कोठे गेले ते कळले नाही.

घरातली मंडळी हरखून गेली. कोणी डोळे पुसले, कोणी ‘मला पाठव, मला पाठव’ म्हणून धोशा लावला. आत्याबाई पलंगावर बसल्या होत्या. त्या अण्णांच्या धाकट्या कन्या, वय नव्वदीच्या पुढे, दृष्टी अजून शाबूत. पुतण्या त्यांच्याजवळ जाऊन म्हणाला, “आत्याआजी, बघा तरी, तुमचे अण्णा तुम्हांला नमस्कार करतायत.” त्यांनी पाहिले. “पुन्हा लाव रे,” म्हणाल्या. तीन वेळा पाहून झाल्यावर चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाल्या, “ह्यांचा डावा हात उचललाय.”

आम्हांला बोध होईना. मग त्यांनी सांगितले ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. हे छायाचित्र निघण्यापूर्वी दोन वर्षे अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, वाणी सुधारली, वकिलीही पुन्हा सुरू झाली. डावा हात मात्र गेला तो गेलाच. पोलीस कारवाईनंतर दोन वर्षांनी अण्णा वारले, तोवर आत्याबाईंनी आपल्या वडिलांचा तो हात हललेला एकदाही पाहिला नव्हता. खांद्यावरची शाल, जी आम्ही इतकी वर्षे त्या काळची ऐट समजत होतो, ती छायाचित्रकाराने हात झाकावा म्हणून मांडली होती. “छान दिसतात,” आत्याबाई म्हणाल्या, “बरे झाल्यासारखे दिसतात. पण हे अण्णा नव्हेत.”

त्या दिवसापासून आम्ही ह्या विद्येत थोडे लक्ष घातले. स्थिर चित्राला गती देणे आता कोणालाही जमते. ती गती कोणती, किती आणि कोणाच्या मर्जीने, हा भाग मात्र जमवावा लागतो. घरोघरी अल्बम उघडले जात असताना ह्याविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही असे वाटते.

जुन्या छायाचित्रांतील माणसे ताठ व गंभीर का दिसतात, ह्याचे कारण पुष्कळदा त्यांच्या स्वभावात शोधले जाते. ते निम्मेच खरे आहे. ओल्या काचेच्या प्रक्रियेच्या दिवसांत एका चित्रासाठी कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावीत. पुढे कोरड्या काचा आल्या, वेळ सेकंदाच्या अंशावर आला, तरी ‘हलू नका’ हा स्टुडिओतील हुकूम कायम राहिला. आमच्या शहराला ह्या हुकमाची सवय लावली ती राजा दीनदयाळ ह्यांनी. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेले आणि रुरकीला शिकलेले हे गृहस्थ होळकरांच्या इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीस होते. तेथेच त्यांचा छंद नावारूपास आला. पुढे सिकंदराबादेस स्टुडिओ थाटून ते सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १९०५ मध्ये ते वारले. त्यांच्या राजवाड्यांची आणि शिकारीच्या लवाजम्यांची चित्रे सर्वश्रुत आहेत. आम्हांला मात्र त्यांची दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तोही उंच भिंतींच्या आड आणि एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली. ह्या स्टुडिओची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

योगायोग असा की त्याच १८९२ साली इकडे कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन चित्रांना चालवू पाहत होते. त्यांच्या खेळाचे नाव ‘शांबरिक खरोलिका’. मायावी शंबरासुराची आठवण त्या नावात आहे. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे जादूच्या दिव्यापुढे धरून पडद्यावर पाडावयाची, असा हा प्रकार. एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर काढलेल्या असत आणि त्या अशा सफाईने बदलल्या जात की पडद्यावरची आकृती हालचाल करीत आहे असा भास होई. ल्युमिएर बंधूंचा चलच्चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याच्या चार वर्षे आधी. त्यानंतर दादासाहेब फाळके आले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्याआधी भांडवल उभे करण्यासाठी दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची रोज थोडी थोडी छबी टिपली, आणि महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत घडवून दाखविली, ही हकीकत तितकीच रम्य आहे.

ह्या दोघांचा उल्लेख अभिमानापोटी केला आहे हे कबूल. पण तेवढ्यासाठीच केलेला नाही. वाटाण्याचा अंकुर जसा वळला तसाच वळलेला दिसला. दादासाहेबांनी फक्त काळ आवळला, गती निसर्गाचीच ठेवली. पटवर्धनांच्या काचेवरील हात कोठून कोठे जावयाचा हे चित्रकाराने ठरवून, मधल्या अवस्था एकेक करून रंगविल्या. दोन्ही ठिकाणी हालचालीला धनी होता. अण्णांनी नमस्कार करावा हे आमच्या घरात कोणी ठरविले होते? पुतण्याने तर नमस्काराचे नावही काढले नव्हते.

ते ठरविले यंत्राने. कसे, हे सोप्या शब्दांत सांगावयाचे तर असे. ह्या यंत्राला असंख्य चित्रफिती दाखवून, एका क्षणामागून दुसरा क्षण बहुधा कसा येतो, हे शिकविलेले असते. काम करताना ते आरंभी निव्वळ कल्लोळ घेते. जुन्या टीव्हीवर केंद्र बंद पडले की पडदाभर मुंग्या दिसत, तसा. मग टप्प्याटप्प्याने ते हा कल्लोळ निवळीत नेते, आणि निवळताना आपण दिलेले चित्र व आपण लिहिलेले शब्द ह्यांच्याशी जुळतील अशा बेताने सगळ्या चौकटी एकदमच आकारास आणते. हाड, स्नायू, वारा, पाणी ह्यांची त्याला प्रत्यक्ष ओळख नाही. त्याची ओळख आहे ती ‘बहुधा’शी. पगडी घातलेला वृद्ध भारतीय गृहस्थ कॅमेऱ्यासमोर बसला आहे, तर तो बहुधा काय करील? स्मित करील, नमस्कार करील. जी चित्रे पाहून यंत्र शिकले त्यांत कॅमेऱ्याला सरावलेली आजची माणसे पुष्कळ. फसली सनातले वकील कोठून असणार? आपण जेवढे सांगत नाही, तेवढी जागा यंत्र ह्या ‘बहुधा’ने भरून काढते. गतीवर ताबा ठेवणे म्हणजे ही मोकळी जागा कमी कमी करीत नेणे.

२०२१ च्या फेब्रुवारीत ‘माय हेरिटेज’ ह्या वंशावळीच्या संकेतस्थळाने ‘डीप नॉस्टॅल्जिया’ नावाची सोय काढली, तेव्हा हा प्रश्न एका वेगळ्या रीतीने सोडविलेला होता. आधीच चित्रित करून ठेवलेल्या ठरावीक हालचाली, म्हणजे मान वळविणे, पापण्या मिटणे, किंचित हसणे, ह्या कोणत्याही चेहऱ्यावर चढविल्या जात. जगभरातील पणजोबा एकाच तऱ्हेने मान वळवू लागले ते त्यामुळे. मृतांच्या तोंडी भलते शब्द घातले जाऊ नयेत म्हणून बोलण्याची सोय मात्र त्या मंडळींनी हेतुपुरस्सर ठेवली नव्हती. हा विवेक नोंदविण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘स्टेबल व्हिडिओ डिफ्यूजन’ आले. त्यात चेहराच काय, सबंध चित्र चालू लागले. फार तर पंचवीस चौकटी, आणि गती किती हवी हे सांगण्यासाठी एक आकडा. त्याच सुमारास ‘रनवे’च्या सुविधेत कुंचला आला. चित्राचा जो भाग हलावा असे वाटते त्यावर बोटाने रंग फासावयाचा आणि दिशा सांगावयाची. आता तर पहिली आणि शेवटची अशी दोन्ही चित्रे देऊन मधला प्रवास यंत्राकडून करवून घेता येतो, किंवा एखाद्या खऱ्या माणसाची हालचाल चित्रातील माणसास देता येते.

ही सगळी अवजारे आम्ही एका संध्याकाळी पुतण्याच्या संगणकावर वापरून पाहिली. त्या संध्याकाळची फजिती सांगण्याजोगी आहे.

पहिली गोष्ट कॅमेऱ्याची. आपण काही सांगितले नाही की यंत्रातला अदृश्य कॅमेरा आपणहून भटकू लागतो. आमच्या एका प्रयत्नात तो डावीकडे सरकला आणि स्टुडिओत कधी नसलेली खिडकी व तीतून दिसणारी बाग दाखवून परतला. तेव्हा कॅमेऱ्याची गती आणि चित्रातील वस्तूंची गती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंविषयी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते, हा पहिला धडा. चौकटीच्या आत, चेहऱ्याच्या दिशेने जाणारा कॅमेरा त्यातल्या त्यात निरुपद्रवी. बाजूला वळणारा किंवा मागे हटणारा कॅमेरा चौकटीबाहेरचे जग मागतो, आणि ते जग यंत्र आपल्या पदरचे घालते. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. नुसते हळूहळू चेहऱ्याकडे जावयाचे असेल तर ह्या नव्या यंत्राची गरजच नाही. सत्यजित राय ह्यांनी १९६१ च्या रवींद्रनाथांवरील माहितीपटात स्थिर छायाचित्रांचा उपयोग केला आहे. चित्र स्थिर आणि कॅमेरा चालता, ही रीत जुनी आहे. संकलनाच्या कोणत्याही साध्या प्रणालीत ती आजही करता येते, आणि त्यात मूळ चित्राचा एक बिंदूही बदलत नाही.

दुसरी फजिती पडद्याची. तळे खरे नाही, रंगविलेले आहे, हे यंत्राला कोण सांगणार? म्हणून आम्ही लिहिले, “मागे चित्र रंगविलेला कापडी पडदा आहे.” यंत्राने ते मान्य केले आणि वाऱ्याने हालावा तसा पडदाच फडफडविला. अखेर कुंचल्याने सगळी पार्श्वभूमी वगळली तेव्हा कोठे तळे गोठले.

तिसरी गोष्ट नकाराची, आणि ती सर्वांत उपयोगाची. “डावा हात उचलू नये” असे लिहिले की हात हमखास वर येई. ‘हात’ आणि ‘उचल’ हे दोन शब्द त्याला ऐकू गेले, मधला नकार विरून गेला. व्रात्य मुलाला ‘दिव्याला हात लावू नको’ म्हणावे आणि त्याने तेथेच जावे, त्यातला प्रकार. त्यापेक्षा जे आहे ते सांगावे: “शाल खांद्यापासून मांडीपर्यंत स्थिर पडलेली आहे, कॅमेरा तिपाईवर अचल आहे.” असे लिहिल्यावर हात शालीखाली राहिला.

गतीचे प्रमाण वाढविले की पगडीचे पेच बदलत, मिशीचा आकार बदले; कमी केले की पापण्या तेवढ्या लवत. लांबीचेही तसेच. पाच सेकंदांच्या शेवटच्या चौकटीवरून पुढचे पाच, त्यांवरून आणखी पाच, असे जोडत गेलो तर विसाव्या सेकंदाला खुर्चीत कोणी तिऱ्हाईतच बसलेला होता. नात्यातलाच वाटावा असा, पण तिऱ्हाईत. प्रत्येक वेळी थोडी थोडी चूक पुढे जाते आणि साठते. म्हणून तुकडा लहान ठेवावा, एका तुकड्यात एकच हालचाल मागावी, आणि प्रत्येक नवा तुकडा मूळ छायाचित्रावरूनच आरंभावा.

एका घराच्या तसबिरीपुरती ही फजिती हसण्यावारी नेता येते. गावाच्या आठवणीला हात घालताना तसे करता येणार नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे त्यात गेली असे सांगतात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेवर चढून दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही दाखविले जाते. रुबाया लिहिणारे उर्दू कवी अमजद हैदराबादी ह्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुराने नेली. ह्याच पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले आणि पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. त्या पुराची जी छायाचित्रे आम्ही पाहिली आहेत ती पाणी ओसरल्यानंतरची: उघड्या पडलेल्या भिंती, मातीचे ढिगारे, ढिगाऱ्यांवर उभी असलेली माणसे. अशा चित्राखाली ‘मुसीचा पूर’ एवढेच लिहून ते यंत्रापुढे ठेवले तर ते काय करील, हे आता सांगावयास नको. ओसरलेले पाणी ते परत आणील; पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी नदी त्याला सोयीस्कर त्या दिशेने वाहवील; ढिगाऱ्यावर उभा असलेला माणूस, ज्याचे कोण गेले हे आपल्याला ठाऊक नाही, तो कदाचित कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवील. आणि मुले म्हणतील, आम्ही १९०८ चा पूर पाहिला.

आमच्या संस्थांचेही असेच आहे. विवेकवर्धिनी १९०७ ची, मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसांची गटछायाचित्रे असतात. वर्धापनदिनाला ती ‘हलती’ करून पडद्यावर दाखवावीत असा उत्साह आता सर्वत्र दिसू लागला आहे. उत्साहाला आमचा विरोध नाही. परंतु गटचित्रात एकेका चेहऱ्याच्या वाट्याला चित्रबिंदू थोडे येतात, आणि गती दिली की मागच्या रांगेतले चेहरे प्रथम विरघळतात. ज्यांनी वर्गणी गोळा करीत उन्हातान्हात हिंडून संस्था उभ्या केल्या, त्यांना निदान त्यांच्या चेहऱ्यानिशी उभे राहू द्यावे. फारच हौस असेल तर हलवावयास दारावरची तोरणे आहेत, छतावरचा ध्वज आहे. कोपऱ्यात ‘हालचाल यंत्रनिर्मित’ ही अक्षरे मात्र चित्रफितीवरच असावीत. निवेदकाने तोंडी सांगितलेले दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. मूळ छायाचित्राची प्रत वेगळी, अस्पर्श ठेवावी हे तर सांगणेच नको.

आता जनाना स्टुडिओविषयी. तेथे बसलेल्या स्त्रियांनी आपण कोणाच्या नजरेस पडावे ह्याची मर्यादा घालून घेतली होती, आणि त्या मर्यादेसाठी एक सबंध वास्तू उभी राहिली होती. आमच्या आजीचा एकच फोटो आहे. त्यात तिने पदर कपाळापर्यंत ओढला आहे आणि नजर खाली आहे. पुतण्याने तो पुढे केला तेव्हा आमच्या सूनबाई म्हणाल्या, “यंत्राने मान वर केली आणि पदर मागे पडला, तर? त्यांना कोणी विचारलंय?” तो फोटो यंत्राला दिला नाही. अवजारांनी पदर जागेवर ठेवता आला असता हे खरे. तरी दिला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारची एक मुलगी आली. माधापूरला ॲनिमेशनच्या कामात आहे. तिने आमचे सारे प्रयत्न पाहिले आणि विचारले, “पण आजोबा करीत काय असत? त्यांची अशी एखादी लकब?” इतके दिवस अण्णांनी काय करू नये ह्यातच आम्ही गुंतलो होतो, हे विचारावयाचे कोणालाच सुचले नव्हते. आत्याबाईंनी लगेच सांगितले. घड्याळाचे झाकण. एकच हात चालत असल्यामुळे अण्णा अंगठ्यानेच झाकण उघडीत आणि त्याच अंगठ्याने मिटीत. ‘टक्’ असा आवाज होई. पक्षकार फार वेळ बसला की तीनदा टक्, टक्, टक्. मुले आतल्या खोलीतून मोजीत आणि तिसऱ्या आवाजाला पक्षकार उठला की तोंडावर हात धरून हसत.

ॲनिमेशनच्या धंद्यात मुख्य चित्रकार आरंभीची आणि शेवटची मुद्रा काढतो व मधल्या मुद्रा मदतनीस भरतो. त्याच रीतीने करू या, असे त्या मुलीने सुचविले. पहिले चित्र आमच्याजवळ होते, झाकण मिटलेले. दुसरे, झाकण उघडलेले, बनवावे लागणार होते. आणि तेथेच अडले. उघडल्यावर तबकडी दिसणार. तिच्यावर आकडे कोणते होते, रोमन की उर्दू? घड्याळ केव्हाच विकले गेले. आत्याबाईंना आवाज आठवत होता, आकडे आठवत नव्हते. झाकण पुरते न उघडता, फटीपुरते उघडावे असे ठरले. अकरा प्रयत्न झाले. कधी अंगठा झाकणात वितळे, कधी झाकण अंगठ्याचे नख होई, एकदा तर पाचाऐवजी सहा बोटे झाली.

तेव्हा त्या मुलीने शेवटचा उपाय काढला. “आजी, तुम्हीच करून दाखवा.” आत्याबाईंच्या उजव्या हातात पानाची छोटी डबी दिली. त्यांनी ती अण्णांसारखी धरली आणि अंगठ्याने झाकण वर केले. पुतण्याने मोबाइलवर ते टिपले आणि ती गती अण्णांच्या हाताला दिली. ह्या वेळी अंगठा अंगठ्यासारखा चालला, झाकण झाकणासारखे उघडले, मनगटाचा तो छोटासा झोकही आला. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत होतो. आत्याबाईंनी पाहिले, दोनदा पाहिले, आणि मान हलविली.

“हात कापतोय,” त्या म्हणाल्या. “अण्णांचा हात कापत नसे. हा कंप माझा आहे.”

कंप काढून टाकण्याचीही युक्ती आहे, असे ती मुलगी म्हणाली. आत्याबाईंनी नको म्हटले. त्यांना थकवा आला होता.

हैदराबादहून काही तासांच्या वाटेवर चेरियाल आहे. तेथल्या रंगीत पटांच्या आधारे गावोगाव पुराणे सांगितली जात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथीही तसेच. चित्र पुढे धरावयाचे आणि कथा गावयाची. पटावरचा घोडा कधी पाऊल उचलीत नाही, आणि ऐकणाऱ्याला तो धावताना दिसतो. अखेर आम्ही तोच मार्ग धरला. छायाचित्र आहे तसे ठेवले. साध्या संकलनाने कॅमेरा अण्णांच्या चेहऱ्यापासून निघून सावकाश उजव्या हातातील घड्याळापाशी येतो. त्यावर आत्याबाईंचा आवाज आहे. शालीखाली काय आहे ते त्या सांगतात, पक्षकाराची गोष्ट सांगतात, आणि शेवटी जिभेने तीन वेळा टक् करून दाखवितात. एकूण बेचाळीस सेकंद. हैदराबाद, पुणे, इंदूर आणि न्यू जर्सी येथील सर्व घरांत आम्ही ती पाठविली, आणि पहिली चित्रफीत पुसून टाकावी अशी विनंती केली.

काहींनी पुसली. गेल्या पितृपंधरवड्यात आम्ही पुण्याला चुलत भावाकडे होतो. अण्णांच्या तिथीला पाने मांडल्यावर त्यांच्या घरी दिवाणखान्यातील टीव्ही लावण्यात आला. तळ्यावर लहरी उठल्या, अण्णांनी दोन्ही हात जोडले. समोर सतरंजीवर बसलेल्या पाच वर्षांच्या पणतीने लगेच उठून, हात जोडून, त्यांना उलट नमस्कार केला.